बोथट चाकूची रेघ

मास्तरांचं आणि शूरपणाचं कधीच फारसं सूत जमलं नव्हतं, आणि त्याबद्दल दोघांचीही काही तक्रार नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. वडिलांपासून चालत आलेलं दुकान, तीन मशिनं, एक लांबलचक टेबल आणि भिंतीशी उभा असलेला बिनडोक्याचा पुतळा. या पुतळ्याला वडिलांच्या काळापासून 'साहेब' म्हणत. दुकानात साहेब लोक पुष्कळ येत, पण चाळीस वर्षांत फिटिंगवरून एकदाही न ओरडलेला साहेब तेवढा हा एकच होता.

टेबलावरचा कारभार दोघांचा. मास्तर मापं घ्यायचे आणि खडूने खुणा करायचे. कापायची त्यांची थोरली बहीण, ताई. ताईचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, ती माहेरी परत आली, आणि वडिलांनी सांत्वनाचे चार शब्द बोलण्याऐवजी आपली बारा इंची कात्री तिच्या हातात दिली. सोबत एक नियमही दिला. टेबलावर गप्पा नाहीत, प्रश्न नाहीत. खडूने सांगायचं, कात्रीने ऐकायचं. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ताईने बोटभर कापड वाया घालवलं नव्हतं.

तर अशा या दुकानात चाकू शिरला कसा, ते सांगायला हवं.

दोन महिन्यांपूर्वी बँकेमागच्या गल्लीत मास्तरांना एक माणूस आडवा आला. वेळ दुपारी चारची, ऊन लख्ख. माणूस किडकिडीत, पायात झिजलेल्या स्लिपरा, हात रिकामे. तो एवढंच म्हणाला, "काढा." मास्तरांनी मोबाइल काढला. मग पाकीट काढलं. मग त्याने न मागताच मनगटावरचं घड्याळ काढायला घेतलं. त्या पट्ट्याचं बक्कल नेहमी अडायचं, ते तेव्हाही अडलं. चोर बिचारा ताटकळला. शेवटी तोच म्हणाला, "राहू द्या काका, उशीर होतोय." तरी मास्तरांनी "नाही नाही, एक मिनिट" म्हणत घड्याळ सोडवलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. आभार मानायचे तेवढे राहिले, कारण तोवर तो माणूस गेला होता.

दुकानात पोचेपर्यंत चोर दोन झाले होते. ताईने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि "किती जण होते रे?" असं इतक्या काळजीने विचारलं, की मास्तरांच्या तोंडून "चौघे" निघून गेलं. संध्याकाळपर्यंत त्यातल्या एकाच्या गालावर व्रण उमटला. पुढचं काम ताईने केलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगायची, "चौघांनी घेरलं हो माझ्या भावाला. घड्याळसुद्धा ओढून नेलं. पण हा पाय रोवून उभा राहिला." पाय रोवून उभे राहिले होते हे खरंच होतं. पाय हलायलाच तयार नव्हते.

खोटं बोललं की ते पाळावं लागतं, कुत्र्यासारखं; रोज खायला घालायचं आणि फिरवून आणायचं. चौघांशी लढलेला माणूस बाजारात खांदे पाडून कसा चालणार? मास्तरांनी छाती पुढे काढली. आवाज चढवला. आणि बाहेर ज्याचा आवाज फुटत नाही त्याचा घरात फार फुटतो, तसं झालं. एकदा ताईने एका पँटच्या खुणेवर बोट ठेवून, "ही जरा आत आली का रे?" एवढंच विचारलं. मास्तर भर गिऱ्हाइकांसमोर कडाडले, "रेघ दिसली की कापायची! विचारायचं काय त्यात? डोळे गेलेत का तुझे?"  तिने कापलं. रेघ खरोखरच आत आली होती, ती मास्तरांनी नंतर शिलाईत गुपचूप सांभाळून घेतली. ताईने मात्र त्या दिवसापासून एकही रेघ विचारली नाही. चष्मा तेवढा दिवसातून दहा वेळा पुसायला लागली.

आणि मग मास्तरांनी स्वसंरक्षणाचा घडीचा चाकू मागवला. एक नव्हे, जोडी. एक काळ्या मुठीचा, धारदार. खटका दाबला की पातं बाहेर. दुसरा लाल मुठीचा, अगदी तसाच, तेवढ्याच वजनाचा, पण बोथट. हा सरावाचा. त्याने केळंसुद्धा कापलं नसतं. फार तर दुखावलं असतं. धारदार चाकू मास्तरांनी सुरक्षिततेचा विचार करून लोखंडी पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली जुन्या बटणांच्या डब्यात टाकली. त्या डब्यात तीनेक हजार बटणं होती. किल्ली पुन्हा मास्तरांनाही सापडली नाही. एवढा सुरक्षित चाकू जगात दुसरा नसेल.

शिकवणी दर रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. शिकवणाऱ्याला सगळे कमांडो म्हणत. अकरा वर्षं त्याने एका कापडाच्या शोरूमच्या दारात उभं राहून लोकांच्या पिशव्या तपासल्या होत्या, पण दंड चांगले होते आणि आवाज त्याहून चांगला. पहिल्याच तासाला तो गरजला, "धडा पहिला! कुणी आडवा आला, काही मागितलं, तर काय करायचं? द्यायचं! धडा दुसरा! मग पळायचं! चाकू सगळ्यात शेवटी, आणि देवाने केलं तर कधीच नाही!"

हे ऐकून मास्तर खट्टू झाले. देणं तर त्यांना जमत होतं. घड्याळ धरलं तर अभ्यासक्रमाच्या पुढचंही जमत होतं. म्हणजे शिकवणी लावण्याआधीच ते पहिल्या धड्यात पैकीच्या पैकी मिळवून बसले होते, आणि तेच लपवायला शिकवणी लावली होती. पण फी भरली होती. बसले.

कमांडोचे नियम कडक होते. सराव नेहमी लाल मुठीनेच. समोर जिवंत माणूस नको, पुतळा किंवा लोड चालेल. डोळ्यांवर पारदर्शक गॉगल हवाच. आणि पात्याच्या कडेला खडू घासायचा, म्हणजे कुठे लागलं ते दिसतं. शेवटचा नियम ऐकून मास्तरांचा चेहरा खुलला. अख्ख्या वर्गात खडूतलं कळणारे ते एकटेच होते. त्यांनी खिशातून दुकानातला चपटा खडू काढला आणि पात्याला असा सफाईने लावला की कमांडोसुद्धा बघत राहिला. कौतुक तेवढंच. तासाच्या शेवटी प्रत्येकाच्या अंगावरच्या खुणा मोजल्या, तेव्हा कमांडो म्हणाला, "मास्तर, आज तुम्ही स्वतःला अकरा वेळा मारलंत. पुतळ्याला एकदा. तोही बहुतेक मध्ये आला म्हणून."

त्यामुळे घरचा अभ्यास आला. दुपारी एक ते दीड ताई मागच्या खोलीत डबा खाऊन जरा पाठ टेकायची. त्या अर्ध्या तासात मास्तर शटर अर्धं खाली ओढायचे आणि साहेबांच्या अंगावर एक बेवारशी कोट चढवायचे. कुणा गिऱ्हाइकाने सहा वर्षांपूर्वी शिवायला टाकलेला आणि न्यायला विसरलेला, राखाडी. मग गॉगल. गॉगल चष्म्यावर बसेना, म्हणून चष्मा काढून ठेवावा लागे. चष्म्याशिवाय मास्तरांना चार हातांवरचा साहेब म्हणजे धुक्यातला खांब दिसायचा. पण नियम तो नियम. डोळ्यांना इजा होता कामा नये, भले त्यांना काही दिसो न दिसो.

खटका, पातं, एक पाऊल पुढे, उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरका वार. हा पहिला. मग दंडावर, पाठीवर, पोटावर. तीन आठवड्यांत हात बसला. बसला म्हणजे कसा, तर शिंप्याचा बसला. मास्तरांचा वार कुठेही थरथरायचा नाही, काखेजवळ आला की मुंढ्याला हवा तेवढाच वळायचा आणि कमरेशी अलगद उतरायचा. शत्रूने नुसतं स्थिर उभं राहायचं कबूल केलं असतं, तर त्याला त्या रेघेवर छान जाकीट बेतून मिळालं असतं. सराव झाला की मास्तर ब्रशने कोट झटकायचे, तो खुंटीला लावायचे, चाकू टेपांच्या खणात टाकायचे आणि ताई यायच्या आत शटर वर. सगळं एकदम सुरक्षित. कुणाला ओरखडा नाही.

त्या बुधवारी सकाळी मुख्याध्यापिका बाई आल्या. हातात एक राखाडी लोकरी कोट, कडेवर मूल घ्यावं तसा धरलेला.

"ह्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "जाऊन वर्ष होईल आता. तीस वर्षं शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला हा घालून यायचे आणि शेवटच्या रांगेत झोपायचे. शनिवारी माझा निरोप समारंभ आहे. मी हाच घालून जाणार. निदान मी तरी जागी राहीन."

"होऊन जाईल, बाई," मास्तर म्हणाले.

"मला होईल असा करा. हे दोन माणसांएवढे होते, मी अर्धी आहे. पण जपून हं. या कापडाला जोड मिळणार नाही, आणि मिळाली तरी ती यांची नसेल."

मास्तरांनी मापं घेतली. उद्या अकराला ट्रायल ठरली. बाई गेल्यावर ते ताईला म्हणाले, "दुपारी खुणा करून ठेवतो. आलीस की कापायला घे." ताईने मान हलवली. डबा खायला जाण्यापूर्वी तिने कोट कसा पडतो ते बघावं म्हणून तो साहेबांच्या अंगावर चढवला आणि गेली. रोज तिथे रिकामा असणारा साहेब आज कोट घालून तयार का, हा प्रश्न मास्तरांना पडायला हवा होता. त्यांना वाटलं, आपणच काल काढायला विसरलो. चष्मा तर त्यांनी आधीच काढला होता.

खटका, पातं, पाऊल, वार. उत्तम झाला. मास्तर स्वतःवर खूश झाले. दंड, पाठ, पोट. एवढ्यात फोन वाजला. दुकानात धड ऐकू यायचं नाही, म्हणून चाकू खणात टाकून, गॉगल कपाळावर सरकवून ते वाकून शटरखालून बाहेर गेले. फोन कमांडोचा होता. रविवारचा तास रद्द. बोटाला सहा टाके पडले होते.

"कुणी हल्ला केला काय?" मास्तरांनी विचारलं.

"हल्ला कसला! सरावाच्या चाकूंचं नवीन खोकं आलं, ते उघडत होतो. ब्लेडने."

"मग चाकू बोथट होते ना?"

"चाकू बोथटच होते हो. ब्लेड नव्हतं."

यावर सुरक्षिततेबद्दल दोघांची दहा-बारा मिनिटं सविस्तर चर्चा झाली. मास्तर शटरखालून परत आत आले, तेव्हा कात्रीचा आवाज येत होता. जाड लोकर कापताना बारा इंची कात्री एक लांब, दमदार आवाज करते. मास्तरांना तो आवाज आयुष्यभर आवडत आला होता. त्यांनी चष्मा लावला. समोर खुंटीवर बेवारशी कोट जसाच्या तसा लटकत होता.

आणि टेबलावर ताई, तिच्यासमोर बाईंच्या मिस्टरांचा कोट. उजव्या खांद्यापासून खाली तिरका काप गेला होता, स्वच्छ, एका दमात, कमरेपर्यंत. ताई थांबली होती. कात्रीचं टोक तिने पाठीवरच्या रेघेवर टेकवलं होतं आणि चष्मा नाकावर खाली ओढून ती बघत होती.

"अरे," ती म्हणाली, "पुढची रेघ कळली मला. म्हटलं, बाईंना समोर पल्ल्यावर पल्ला चढवून हवा असेल. पण पाठीवर कशाला? आणि पोटावर ही एवढीशी?"

 एका वाक्याचं काम होतं. 'ताई, मी चाकूचा खेळ खेळत होतो.' बस. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं उभं होतं, त्याच्या मागे तिसरं, आणि सगळ्यांच्या शेवटी स्लिपरा घातलेला तो किडकिडीत माणूस "काका" म्हणत उभा होता. मास्तरांनी कोट ओढून घेतला, बघितल्यासारखं केलं आणि तळहाताने पाठीवरचा खडू पुसला. पोटावरचा पुसला. दंडावरचा पुसला.

"मी अजून खुणा केल्याच नाहीत, ताई," ते म्हणाले. यातला शब्द न् शब्द खरा होता. "टेबलावरचा खडू लागला असेल. डाग आहेत हे. रेघ कुठंय?"

ताईने कोटाकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे. मग चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत कोटाकडे बघितलं. आता तिथे काहीच नव्हतं.

"डागाला रेघ समजले मी?" ती अगदी हळू म्हणाली.

मास्तरांनी कोट तिच्यापुढे सरकवला. गल्लीत जे केलं तेच त्यांनी इथे केलं. फरक एवढाच, की तेव्हा त्यांनी स्वतःचं घड्याळ दिलं होतं. आता दुसऱ्याचं देत होते.

ताई रडली नाही. तिने कोट पसरला आणि बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. खडू उचलला. मिस्टर भरपूर रुंद होते, कापड पुष्कळ होतं. एका बाजूला तिरका काप गेलाच होता, तर दुसरी बाजूही तिने तशीच तिरकी बेतली, एक पल्ला दुसऱ्यावर चढवला, कडेला आतून पट्टी दिली, खांदे आत घेतले. मास्तर मशिनवर बसून ती देईल ते निमूट शिवत होते. दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. नियमच होता तसा.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई आल्या. कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. राखाडी पल्ला खांद्यावरून तिरका उतरून कमरेशी एका बटणावर थांबला होता. जणू तो कोट तीस वर्षं बाईंचीच वाट बघत होता.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नुसता अरुंद करून द्याल. हे कुणाचं डोकं?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सुटलो! कुणाचं काही बिघडलं नाही. बाई खूश, कोट छान, चाकू खणात. यापुढे कधी त्या चाकूला हात लावणार नाही, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"डोकं नाही, बाई. चूक आहे," ताई म्हणाली. "माझ्या हातून चुकून कापलं गेलं. खडूचा डाग होता, मी रेघ समजले. मग निभावून नेलं कसंतरी." तिने वडिलांची कात्री एका मऊ फडक्यात गुंडाळली. "डोळ्यांनी दगा दिला की माणसाने थांबावं. तुमचं नशीब म्हणून कापड होतं. हा माझा शेवटचा कोट. सोमवारपासून मी बटणं लावेन, काजं करेन."

"अहो, पण इतकं सुंदर..."

"नाही, बाई. कापणाऱ्याला दिसलं पाहिजे." आणि ती गुंडाळी तिने मास्तरांपुढे धरली. "घे. जपून ठेव. अण्णांची आहे."

घ्यायला मास्तरांचे हात पुढे झाले होते. सवयच होती हातांना. समोरच्याच्या मनासारखं लगेच वागायचं. पण कात्रीचं वजन तळहातावर आलं आणि त्यांना धरवेना. ताईची बोटं बघितली त्यांनी. अंगठ्याच्या मुळाशी एकतीस वर्षांचा घट्टा. सोमवारपासून या हाताने काजं करायची, आणि तीही मास्तरांनी रचलेल्या एका व्रणासाठी. व्रणसुद्धा स्वतःचा नाही. न झालेल्या चोराच्या गालावरचा.

कमांडो म्हणायचा, घाबरलात की आधी श्वास सोडा, मग पाय हलवा. मास्तरांनी श्वास सोडला. कात्री टेबलावर ठेवली. पाय हलले. ते टेपांच्या खणापर्यंत गेले, लाल मुठीचा चाकू काढला आणि खटका दाबला. पातं पहिल्या फटक्यात उघडलं. तीन आठवड्यांत असं पहिल्यांदाच झालं.

"अगं आई गं!" बाई चटकन पुतळ्यामागे गेल्या.

"कापत नाही हे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. त्यांनी खिशातला खडू काढला, पात्याच्या कडेला घासला आणि चाकू स्वतःच्या उजव्या खांद्यावर टेकवून गडद शर्टावरून खाली ओढला. काखेजवळ जरासा वळून, डाव्या कमरेशी अलगद उतरून रेघ थांबली.

ताई पुढे आली. तिने चष्मा नाकावर सरकवला. मग एक बोट त्या रेघेवरून वरून खालपर्यंत फिरवलं.

"हीच," ती म्हणाली.

"हीच," मास्तर म्हणाले. "रेघच होती, ताई. डाग नव्हता. पाठीवर होती, पोटावर होती, सगळ्या होत्या. मी मारल्या होत्या. दुपारी साहेबांवर सराव करतो मी, चाकूचा. चष्मा काढून. काल चुकीचा कोट होता. आणि मग मी पुसल्या. तुझे डोळे चांगले आहेत. माझ्याहून चांगले आहेत." एवढं बोलून त्यांना दम लागला.

 मग बाई पुतळ्यामागून बाहेर आल्या. मुख्याध्यापिका तीस वर्षं होत्या; समोरच्याला कुठे उभं करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे माझ्या मिस्टरांच्या कोटावर तुम्ही चाकू चालवलात?"

"बोथट होता, बाई."

"तुमचं कळलंच," बाई म्हणाल्या. "आणि चाकू?"

मास्तरांनी मान खाली घातली. बाईंनी आरशात पुन्हा एकदा पाहिलं, पल्ला सारखा केला आणि कोट अंगातून न काढताच निघाल्या. दारातून म्हणाल्या, "ताई, शनिवारी पहिल्या रांगेत बसायला या. तुम्हीच. यांना नका आणू."

ताई काय बोलणार याची मास्तर वाट बघत राहिले. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फडकं सोडलं, कात्री काढली, बोटात चढवली, एकदा हवेत उघडमीट केली.

"चाकू शिकलास, ते ठीक. चौघांनी घेरल्यावर माणूस शिकणारच," ती म्हणाली. "पण काल रात्रभर मी घरातले सगळे दिवे लावून पेपर वाचत होते. बारीक अक्षरं. दिसतायत का बघायला."

मास्तरांना तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जमीन काही दुभंगली नाही. त्यांना कापड पुढे ओढून खुणा कराव्या लागल्या.

त्या दिवसापासून टेबलावरचा वडिलांचा नियम मोडला. मास्तरांनी रेघ मारली की ताई कात्री टेकवायची, थांबायची आणि विचारायची, "रेघ की डाग?" मास्तरांनी उत्तर द्यायचं, "रेघ." मगच कापायची. प्रत्येक कापडाला, प्रत्येक रेघेला, गिऱ्हाईक समोर असो नसो. लोकांना वाटायचं, ही शिंप्यांची काही खास पद्धत असेल. एकाने तर कौतुकाने मान डोलावली, म्हणाला, अशी शिस्त आता कुठे राहिली नाही. मास्तर दिवसातून चाळीस वेळा "रेघ" म्हणत. सुरुवातीला तो शब्द जड जायचा. मग सवय झाली. लाल मुठीचा चाकू ताईने लोकरीच्या घड्या दाबायला घेतला. त्याला ते काम छान जमायचं.

महिन्याभराने बँकेतले कॅशियर पँट शिवायला आले. माणूस भला, पण तोंडाचा मोकळा. माप देता देता म्हणाले, "काय मास्तर, त्या चौघांचं लागलं का काही पोलिसांकडून? ताई सांगत होत्या, एकाच्या गालावर म्हणे एवढा व्रण!"

मास्तरांनी नेहमीप्रमाणे छाती पुढे काढली, तोंड उघडलं. टेबलापाशी कात्री थांबली. ताईने मान वरही केली नाही.

"रेघ की डाग?" तिने विचारलं.

कॅशियरना वाटलं, पँटबद्दल चाललंय. मास्तरांना तसं वाटलं नाही. टेप हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी श्वास सोडला.

"डाग," ते म्हणाले. "एकच होता. हातात काही नव्हतं त्याच्या."

"आणि घड्याळ?" ताईने विचारलं.

"ते मीच काढून दिलं. तो नको म्हणत होता."

कॅशियर एकदा मास्तरांकडे, एकदा ताईकडे बघत राहिले. ताईने मान डोलावली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझं बक्कल मला माहीत आहे. ते काय कुणाला ओढून निघणार होतं?"

"मग अख्ख्या बाजाराला चौघे चौघे का सांगत फिरलीस?"

ताईने आता कुठे वर बघितलं. "तू सांगितलंस चौघे," ती म्हणाली. "तू सांगितलेलं मी कधी विचारलं होतं का?"

मास्तरांच्या हातातली टेप खाली घरंगळली. ती उचलायला ते वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सरक जरा," ताई म्हणाली. "उजेड अडवतोयस." मास्तर सरकले, आणि तिने कापायला घेतलं.